किल्ल्याचे मासे, बाजाराचे मासे

(आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

सोलापूरच्या माणसाने रेडिओवर येऊन समुद्रातल्या माशांबद्दल बोलायचं, हे ऐकून काही जणांना हसू आलं असेल. आपल्याला बेट म्हटलं की सिद्धेश्वराचं देऊळ आठवतं, तळ्याच्या पाण्यात उभं असलेलं. मासा म्हटला की उजनीचा. बांगडा आणि सुरमई आपल्यापर्यंत येतात त्या बर्फाच्या पेटीतून, रात्रभराचा प्रवास करून. पण मी इथल्याच एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होतो, आणि दर दोन-तीन वर्षांनी मुलांना घेऊन मालवणला अभ्याससहलीला जात होतो. कोल्हापूरमार्गे जायचं, रात्री फोंडा घाट उतरायचा, पहाटे कणकवली, आणि उजाडल्यावर बंदरावर बसून घरून आणलेल्या कडक भाकऱ्या नि शेंगाची चटणी संपवायची. त्या सहलींत माझ्या हातून एक चूक झाली. ती बारा-तेरा वर्षं माझ्या लक्षात आली नाही. आज माशांबद्दल सांगणार आहेच, पण त्या चुकीच्या वाटेने सांगणार आहे.

पहिली सहल १९८९ च्या डिसेंबरातली. एस.टी.त एका मुलीने विचारलं, "सर, समुद्र सगळा एकच ना? मध्ये भिंत नाही, कुंपण नाही. मग एका बेटाजवळ एक मासा आणि शेजारच्या बेटाजवळ दुसरा, असं कशामुळे?"

प्रश्न चांगला होता. आम्ही वर्गात बेटांबद्दल शिकवायचो ते रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडलेलं. बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून जितकं दूर, तितक्या त्यावरच्या जाती कमी. सरड्याला, उंदराला, मुंगीला हे चपखल लागू पडतं, कारण त्यांना पाणी ओलांडणं अवघड. माशाचं नेमकं उलटं. त्याला पाणी हा रस्ता आहे आणि बेट म्हणजे त्या रस्त्यावरची दगडांची वस्ती. शिवाय बहुतेक समुद्री मासे आयुष्याची सुरुवात प्रवासानेच करतात. अंडी पाण्यात तरंगतात, किंवा काही जाती ती दगडाला चिकटवून राखण करतात. पण अंड्यातून निघालेलं डोळ्यांना धड न दिसणारं पिल्लू कित्येक दिवस, काही जातींत कित्येक आठवडे, प्रवाहाबरोबर वाहत राहतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. म्हणजे मालवणात जन्मलेलं पिल्लू मालवणातच वाढेल याची काही खात्री नाही.

तेव्हा त्या मुलीचा प्रश्न जरा बदलून घ्यायला हवा. पिल्लू वाहत वाहत दोन्ही बेटांपाशी पोचू शकत असेल, तर कुठे तगतं आणि कुठे तगत नाही?

त्यासाठी आधी जागा डोळ्यांसमोर आणू या. मालवणच्या बंदरासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं बांधकाम सुरू केलं. किल्ला आणि किनारा यांच्या मधे छोटा पद्मगड. ओहोटीला आजूबाजूचे खडक उघडे पडतात. तळाला दगड, मधे मधे वाळूचे पट्टे, आणि त्या दगडांवर प्रवाळ आहेत. लक्षद्वीपसारखी प्रवाळांची भिंत नव्हे, दगडाला बिलगून वाढलेले गोटे आणि पत्रे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस या किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली, तोवर बाहेरच्या जगाला त्यांची फारशी कल्पना नव्हती. पुढे १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र एकोणतीस चौरस किलोमीटरच्या थोडं वर. मासेमारी बंद होईल या धास्तीने तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि तो विरोध पुढे वर्षानुवर्षं चालला. हा संदर्भ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दक्षिणेला, वीस किलोमीटरच्या आत, भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. नकाशावर त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथे दीपगृह आहे, आणि पक्षिमित्रांना ही बेटं गुहांतल्या पाकोळ्यांमुळे ठाऊक असतात. सिंधुदुर्ग किनाऱ्याला खेटून, उथळ पाण्यात, जवळपास खाड्यांची मुखं. ही बेटं किनाऱ्यापासून सुटी, भोवती पाणी खोल आणि बहुतेक दिवस जास्त नितळ. अंतर म्हणाल तर सोलापूर ते मोहोळपेक्षाही कमी.

आमच्या पहिल्या सहलीत मी मुलांना कामाला लावलं. दोन गट केले. एकाने सिंधुदुर्गाभोवतीच्या माशांची यादी करायची, दुसऱ्याने होडीवाल्यांना विचारून त्या बाहेरच्या बेटांची. सिंधुदुर्गाच्या गटाने काय केलं, तर सकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो तिथे उभं राहून टोपल्यांतले मासे लिहून घेतले. मीच तसं सांगितलं होतं. तीन दिवसांत वहीत साठाच्या वर नावं झाली. मी खूष.

एक वयस्क गाबीत मच्छीमार जाळं विणत बसले होते. आमची धांदल बघून त्यांनी विचारलं, "मास्तरानू, तुमी किल्ल्याचे मासे लिवतास काय बाजाराचे?" मी म्हटलं, किल्ल्याचेच, हे काय समोर आलेत. त्यांनी टोपलीतल्या एका मोठ्या माशाकडे बोट केलं. "ह्यो मासो किल्ल्याकडे खंय गावता? ह्यो भायल्या पाण्यातलो." मी हसलो, मान डोलावली आणि पुढच्या टोपलीकडे वळलो. दोनशे पानी वहीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे मासे'.

ती वही पुढे दर वर्षी वर्गात फिरली. प्रयोगवह्यांत तिची नक्कल झाली.

मग २००२ साली एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी मालवणच निवडलं. पोरगी चिकाटीची. बाजारात गेलीच नाही. किल्ल्याच्या आसपास रापण ओढणाऱ्यांबरोबर राहिली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांना माणसं लागून वाळूवर ओढून घेतात. शिवाय एका पाणबुड्याकडून पोहण्याचा चष्मा घेऊन ती स्वतः पद्मगडाजवळच्या खडकांत पाहून आली. तिची यादी माझ्या यादीच्या जेमतेम निम्मी भरली. तिने माझी जुनी वही शेजारी ठेवली आणि अहवालात लिहिलं की तेरा वर्षांत किल्ल्याभोवतीच्या माशांच्या जाती निम्म्यावर आल्या. मी तिला शाबासकी दिली. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात ते छापूनही आलं, आणि त्यात एक वाक्य होतं की स्थानिकांनी बेसुमार मासेमारी केल्याचा हा परिणाम असावा. ते वाक्य तिचं नव्हतं. संपादन करताना मी घातलं होतं.

अंक हातात आला त्या रात्री मी दोन्ही याद्या घेऊन बसलो आणि एक एक नाव तपासू लागलो. पहिल्याच पानावर थांबलो. माझ्या यादीत 'सुरमई' होती आणि दहा ओळींनंतर 'इसवण' होती. एकच मासा. मुंबईला बोलतात ते नाव एका मुलाने लिहिलं, मालवणात बोलतात ते दुसऱ्याने. 'हलवा' आणि 'सरंगा' यांची तीच गत. पुढे दोन पोपटमासे होते, एक मळकट तांबूस आणि एक हिरवा-निळा झळाळता. पोपटमाशांमध्ये पुष्कळदा मादी साध्या रंगाची असते, वाढत्या वयात तीच नर होते आणि रंग पालटते. म्हणजे आम्ही नवऱ्याला एक जात आणि बायकोला दुसरी जात केलं होतं. ही झाली किरकोळ चूक. मोठी चूक त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी दाखवली होती. कुपा, मोठी सुरमई, खोल पाण्यातले कितीतरी मासे गिलनेट आणि ट्रॉलर घेऊन दूर जाणाऱ्या होड्यांनी आणलेले होते. किल्ल्याशी त्यांचा संबंध एवढाच की ते किल्ल्यासमोर विकले गेले.

खोडत खोडत गेलो तेव्हा माझी यादी तिच्या यादीएवढी झाली. घटली होती ती माझी वही. समुद्रात काय घटलं आणि काय वाढलं, ते त्या वहीतून कळणारच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बरं झालं, मासे कमी झाले नव्हते तर. तसंही म्हणता येत नाही, आणि माझ्या मनाला लागलं ते हेच. कदाचित खरोखर काही जाती गेल्या असतील. १९८९ साली आम्ही किल्ल्याभोवतीच नीट मोजलं असतं तर २००२ मध्ये ते कळलं असतं. माझ्या वहीने ती सोय कायमची घालवली. जुनं पाणी आता कुणी परत मोजू शकत नाही. आणि ज्या मच्छीमारांना आधीच अभयारण्याची धास्ती होती, त्यांच्यावर मी सोलापुरात बसून एका वाक्यात ठपका ठेवला होता. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली. ती किती जणांनी वाचली, देव जाणे.

तेव्हापासून मी मुलांना आधी मोजणं शिकवू लागलो, मासे नंतर. त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो, त्या माशांपुरत्या नाहीत.

जानेवारीत आपल्या गड्ड्यावर पहिल्यांदा फेरी मारा. दर दहा पावलांना नवं दुकान दिसतं. दुसऱ्या फेरीत नवं असं थोडंच. चौथ्या फेरीत एखादं राहून गेलेलं. माशांच्या जातींचंही तसंच. पहिल्या दिवशी यादी भराभर वाढते, मग वेग मंदावतो. तेव्हा एका बेटावर एक दिवस आणि दुसऱ्यावर चार दिवस घालवून 'दुसऱ्या बेटावर जाती जास्त' म्हणणं म्हणजे एक फेरी मारलेल्याने चार फेऱ्या मारलेल्याशी पैज लावण्यासारखं आहे. पाण्याखाली मोजणारे संशोधक यासाठी तळाशी ठरावीक लांबीची दोरी अंथरतात, समजा पन्नास मीटर. तिच्या दोन्ही बाजूंना अडीच अडीच मीटरच्या पट्ट्यात जे दिसेल तेवढंच, ठरलेल्या वेळात मोजायचं. पट्ट्याबाहेरचा मासा कितीही देखणा असला तरी सोडून द्यायचा. नवशिक्यांना हे फार जड जातं.

या पद्धतीत सगळे मासे सापडतात असं मुळीच नाही. कपारीतला वाम डोकं बाहेर काढेपर्यंत दिसत नाही. रात्री हिंडणारे मासे दिवसा भोकांत झोपलेले असतात. पण दोन्ही बेटांवर एकाच रीतीने मोजलं, तर जे सुटतं तेही दोन्हीकडे साधारण सारखंच सुटतं, आणि तुलना टिकते. माझ्या चुकीत हेच नव्हतं. एकदा बाजार आणि एकदा समुद्र.

आणि यादीची लांबी म्हणजे तुलना नव्हे. समजा, नुसतं उदाहरण म्हणून, एका बेटाजवळ ४० जाती मिळाल्या आणि दुसऱ्याजवळ ३०. फरक दहाचा, असं वाटतं. पण दोन्हींत समान जाती २० असतील, तर एकूण वेगवेगळ्या जाती झाल्या ५०, आणि त्यातल्या २० समाईक. साम्य शंभरात चाळीस. समाईक जाती फक्त पाच असत्या तर एकूण ६५, आणि साम्य शंभरात आठसुद्धा नाही. याद्या त्याच लांबीच्या, गोष्ट पार वेगळी. हे गणित पॉल जकार नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्सच्या डोंगरांतल्या झाडापाल्यासाठी मांडलं. तिसरी-चौथीतल्या मुलालाही जमेल असं, आणि आजही जगभर वापरतात.

आता या चष्म्यातून परत मालवणकडे बघू.

खाडीच्या तोंडाशी आणि किल्ल्याजवळच्या वाळूवर शेवटे, शेतके अशी मंडळी. यांना गढूळ, थोडं मचूळ पाणीही चालतं. बाहेरच्या बेटांजवळ, खोल दगडांत, मोठे गोबरे. गोबरा एकदा कपार धरून बसला की तिथला वतनदार. प्रवाळ जिथे जिवंत, तिथे फुलपाखरू मासे. त्यांच्यातल्या काही जाती प्रवाळाच्या जिवांवरच जगतात, म्हणून प्रवाळ आजारला की त्यांना हलावं लागतं किंवा मरावं लागतं. २०१० च्या दशकात मालवणचे प्रवाळ पाणी तापल्याने पांढरे पडल्याच्या नोंदी आहेत. असं झाल्यावर एकूण जातींचा आकडा बघून काही कळत नाही. कोण गेलं हे बघावं लागतं.

सर्वांत आवडती गोष्ट मात्र तांबोशीची. तांबूस रंगाचा हा मासा लहानपणी खाडीत, तिवरांच्या मुळांत राहतो. मोठा झाला की बाहेर, दगडाळ तळाच्या खोल पाण्यात जातो. खाडी, किल्ला आणि बाहेरची बेटं यांची तुलना करताना आपण 'समाईक जाती' या रकान्यात तांबोशी लिहून मोकळे होतो. प्रत्यक्षात ती शेजाऱ्यांची सारखेपणाची खूण नसून एकाच्या जिवावर दुसरं असल्याची खूण आहे. इकडची तिवरं तोडली तर तिकडच्या जाळ्यात तांबोशी येणार नाही, आणि तिकडे बसलेल्या माणसाला कारण कळणारही नाही.

उत्तरेला गेलं की चित्रच पालटतं. अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी आणि उंदेरी ही जोडी आहे. खांदेरी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतली, आणि शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने ठाण मांडलं. एवढी जवळ बेटं की एकावरून दुसऱ्यावर तोफा डागत. माशांना या वैराचं काही घेणं-देणं नव्हतं. दोन्ही बेटांभोवतीचं पाणी तेच, गढूळ. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ फार रुंद आहे आणि दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. शिवाय मुंबईकडे मोठ्या भरतीला पाणी चार मीटरहून अधिक चढतं, मालवणात त्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर झालं की तळाचा गाळ कायम ढवळलेला. अशा पाण्यात प्रवाळ खुरटतात, आणि बोंबील, मांदेली, जवळा यांची चंगळ होते. तिथले कोळी डोल जाळं लावतात. पाण्यात खांबांना बांधलेली लांब पिशवीच ती. भरती-ओहोटीची ओढच मासे तिच्यात भरते. मालवणला डोल लावून उपयोग नाही, तेवढी ओढच नाही.

इथे मला पुन्हा माझी वही आठवते. समजा कुणी खांदेरीची यादी डोल जाळ्यातून केली आणि सिंधुदुर्गाची रापणीतून, तर ती दोन बेटांची तुलना झाली की दोन जाळ्यांची? आणि दोरी अंथरून मोजू म्हटलं तर खांदेरीजवळच्या पाण्यात बरेच दिवस हातभर अंतरावरचं दिसणं मुश्कील. एकच पद्धत दोन्हीकडे वापरूनही डोळ्यांना सारखं दिसत नाही. यावर सरळ तोड नाही. जी पद्धत वापरली ती यादीच्या माथ्यावर लिहायची, एवढंच करता येतं. तेवढं केलं तरी पुढचा माणूस फसत नाही.

जाता जाता, २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राकाठचे चार आहेत. बुरूज, तट, दरवाजे यांचं मोजमाप झालं. तटाखालच्या पाण्याची वही अजून बरीच कोरी आहे.

आता शेवटी आपल्या गावाकडे येतो. तळं म्हणजे जमिनीच्या समुद्रातलं पाण्याचं बेट. उजनी एक बेट, शहराच्या उत्तरेचा एकरुख तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, ते दुसरं. या बेटांमधे मासा स्वतःहून जाऊ शकत नाही, म्हणून इथे फरक जास्त असायला हवा. पण बाजारात टोपल्या बघा. चिलापी, कटला, रोहू, मृगळ. कुठल्याही तलावाची टोपली घ्या, बव्हंशी हीच नावं. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेकडच्या खोऱ्यांतले, बीज सोडून आणलेले. चिलापी आफ्रिकेची, तिची मोझांबिकची जात भारतात १९५२ साली आणली गेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं तगतात, आणि एकदा शिरली की हटत नाही. अनेक घरांची चूल तिच्यावर चालते, तेव्हा मी तिला नावं ठेवणार नाही. पण जकारचं गणित इथे लावलं तर साम्याचा आकडा वर वर जाताना दिसेल. मालवणच्या बेटांमधे साम्य वाढलं तर कारण शोधावं लागेल. इथे कारण बीजाच्या डब्यांतून आलं.

दोन वर्षांपूर्वी मी पुन्हा मालवणला गेलो, एकटाच. होडीवर विशीतला एक मुलगा होता. पद्मगडाजवळ त्याने पावाचा तुकडा पाण्यात टाकला, आणि काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे झुंडीने वर आले. पर्यटकांनी फोटो काढले. मी म्हटलं, पाव न टाकता बघू या का? तो म्हणाला, "पाव टाकल्याशिवाय वर येत नाय काका, लोक पैसे परत मागतत." तरी फेरी संपल्यावर त्याने मला एकट्याला पलीकडच्या खडकांपाशी नेलं, इंजिन बंद केलं, आणि आम्ही अर्धा तास गप्प बसून खाली बघत राहिलो. त्या मुलाला किती नावं येत होती! मी लिहून घेतली. शेजारी तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पाव टाकलेला नाही, आणि नाव कोणी सांगितलं ते.

ती प्रकल्पवाली विद्यार्थिनी आज उजनीच्या काठावरच्या एका शाळेत शिकवते. तिने मुलांना घेऊन तशीच वही सुरू केली आहे. रविवारी मुलं काठावर येणाऱ्या होड्यांपाशी जातात आणि कुठल्या पाण्यातला, कुठल्या जाळ्यातला, असं विचारून मासा लिहितात. धरण व्हायच्या आधी भीमेत जाळं टाकलेल्या एका भोई आजोबांनी त्यांना माशांची अकरा नावं सांगितली, जी मुलांनी कधी ऐकलीही नव्हती. त्यातल्या चार नावांचे मासे आतापर्यंत जाळ्यात सापडले. उरलेल्या सात नावांसमोरचा रकाना तिने कोरा ठेवलाय, आणि वर पेन्सिलीने तारीख घातली आहे.